काळ्या पुलाचा पायरस्ता

२४ मार्च १९९२, मंगळवार

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, खेडगाव स्टेशनापलीकडे, गिरणेवरच्या नव्या पुलाच्या तोंडाशी, मंडपात बसलेल्या सगळ्या गावासमोर माझ्या वडिलांचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवलं गेलं. घड्याळ मी मुद्दाम पाहिलं. उभा जन्म शाळेत घालवलेल्या बाईला चोरीची वेळ टिपून ठेवायची सवय असते.

संगमरवरी पाटी. वर झेंडूच्या माळा. पडदा सरकला आणि विभागीय अभियंत्यांनी पाटी मोठ्याने वाचून दाखवली, जणू आम्ही निरक्षर: 'सन १९३७ च्या महापुरात तत्कालीन अभियंते श्री. थॉर्नबी यांच्या प्रसंगावधानाने जुना पूल वाचला.'

थॉर्नबी त्या आठवड्यात रजेवर होते. पूल वाचवला तो आबांनी, म्हणजे जीवराम तोताराम चौधरी यांनी, ते खेडगावला रेल्वेचे पी.डब्ल्यू.आय. होते; रूळ आणि पूल सांभाळणं ही त्यांची नोकरी. पुराचं पाणी लोखंडाला टेकलं की पूल खांबांवरून उचलला जातो. तो बसून राहावा म्हणून त्यावर दगडांनी भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, उभ्या करायच्या असतात. हे धाडस आहे, कारण पूल गेला तर वाघिणीही जातात आणि हुकूम देणाऱ्याची नोकरीही. आबांनी हुकूम दिला. मी नऊ वर्षांची होते आणि आमच्या रेल्वेच्या बंगल्याच्या ओट्यावरून पाहत होते.

मी मंडपात उभी राहिले आणि म्हणाले, "हे खोटं आहे." बँड सुरू झाला.

२५ मार्च

चुडामण आला होता. धाकटा भाऊ, स्वतःची डाळमिल, स्वतःचा रक्तदाब. पेपरात माझं नाव येईल या भीतीने आला.

"अक्का, आबा जाऊन तीस वर्षं झाली. पाटीवर कोणाचं का नाव असेना."

"तुझ्या मिलच्या पोत्यांवर शेजारच्याचा छाप मारू का?"

"पोती विकायची असतात. पाटी कोण विकत घेतं?"

चहा पिऊन गेला. आबांच्या वस्तूंपैकी त्याने घड्याळ घेतलं. माझ्याकडे आली ती पुलाचं लोखंड जोडणारी रिबिटं वाजवून पाहायची हातोडी आणि काठीला गुंडाळलेला लाल झेंडा. वाटणीच्या वेळी मला वाटलं होतं, मी फसले. आता वाटत नाही.

२ एप्रिल

विभागीय कार्यालयात अर्ज घेऊन गेले. अभियंता तरुण आहे आणि सभ्य आहे, म्हणजे काहीही न करता माणसाला बाहेर पाठवण्याची कला त्याला येते. म्हणाला, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण पुरावा लागेल. त्या वेळचा एखादा साक्षीदार असेल तर त्याचं लेखी निवेदन आणा. पाटी बदलता येईल."

"साक्षीदार मिळेल."

"जरा लवकर बघा. पंधरा मेपासून जुना पूल कापायला घेतोय. पावसाळ्याआधी भंगार उचललं पाहिजे. मग लोकांचं लक्षही जाईल आणि आमचंही."

कापा म्हटलं. मला लोखंडाशी घेणं नाही. मला नावाशी आहे.

९ एप्रिल

एस.टी.ने खेडगाव. आमचा बंगला आता कोळशाच्या राखेसारखा दिसतो; आत रेल्वेचं सिमेंट ठेवतात. ओटा शाबूत आहे. तिथे बसून शेंगदाणे खाल्ले आणि पुलाकडे पाहिलं.

नवा पूल सिमेंटचा, सपाट, एखाद्या ओळीवर रेघ मारावी तसा. त्याच्या शेजारी तो. गाव त्याला काळा पूल म्हणतं, जरी आबांच्या वेळी त्याला दर काही वर्षांनी करडा रंग लागायचा. त्याचं लोखंड विलायतेहून तुकड्यातुकड्यांनी बोटीतून आलं, प्रत्येक तुकड्यावर आकडा, आणि इथल्या माणसांनी ते आकडे जुळवून जोडलं. खांब मात्र इथल्याच काळ्या दगडाचे. वर त्रिकोणाला त्रिकोण लागून पिंजरा झालेला, त्यातून गाडी जायची. आबा सांगायचे, चौकोन ढकलला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. त्रिकोण तुटेल पण हट्ट सोडणार नाही. मग माझ्याकडे पाहून हसायचे. ते हातोडीने एकेक रिबिट वाजवत जायचे. घट्ट रिबिट टणकन बोलतं, ढिलं पुटपुटतं. युद्धात पुलावर बंदुकीचा पहारा होता. पुढे इंजिनं जड झाली आणि पूल म्हातारा, तेव्हा गाड्यांना मुंगीच्या चालीने जायचा हुकूम लागला. आता तोही नाही. रूळ काढलेत. उरला आहे तो पिंजरा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला लटकवलेला पायरस्ता, एक माणूस आणि एक शेळी जाईल एवढा, कठडा असलेला.

त्या पायरस्त्याने पलीकडे आवळखेड्याला गेले. साक्षीदार तिकडे आहे असं स्टेशनातल्या हमालाने सांगितलं होतं: सुंदरबाई, पंचाहत्तरच्या पुढची. वाटेत गवताचा भारा घेतलेली बाई भेटली, तीच तिची सून निघाली, पुष्पाबाई. भारा कठड्याला टेकवून तिने मला आधी जाऊ दिलं.

सुंदरबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. पुराचं विचारलं.

"तू कोनी पोर शे?"

"जीवराम चौधरींची. पी.डब्ल्यू.आय. साहेबांची."

लसूण सोलायचं थांबलं. बराच वेळ ती माझ्या चेहऱ्यात काही शोधत होती. मग म्हणाली, "कान त्याचेच शेत."

"तुम्ही त्यांना पुलावर वाघिणी लावताना पाहिलंत ना? तेवढं लिहून द्यायचं. अंगठा चालेल."

"पाह्यं. बठ्ठं पाह्यं." पुन्हा लसूण. "आखाजीले ये. तवय सांगसू."

"आता का नाही?"

"आता नही. ते आखाजीलेच सांगतस."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून महिनाभर लांब. कसली अट ही. पण बाई हट्टी आहे, आणि हट्टी साक्षीदार उलटतपासणीत टिकतो.

निघताना पुष्पाबाई पुलापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "बाई, पूल कापतील तर पायरस्ताबी जाईल. नव्या पुलावरून पायी जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात आमच्या पोरी शाळेत कशा जातील? बाळंतिणीला दवाखान्यात कसं न्यायचं? सडकेने फिरून जायचं म्हणजे अर्धा दिवस."

"अर्ज करा," मी म्हणाले. मला एस.टी. पकडायची होती.

११ एप्रिल

जे आठवतं ते लिहून ठेवते, निवेदनाला उपयोगी पडेल.

श्रावणातली सकाळ. नदी मातीच्या रंगाची, आणि तिच्यावरून झाडं, गंज्या, एक मेलेला बैल. खडीची गाडी साइडिंगला भरलेली उभी होती. आबांनी इंजिन मागे लावून वाघिणी पुलावर ढकलवल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते पुलाच्या तोंडाशी हातात लाल झेंडा घेऊन उभे राहिले. पाऊस एवढा की पलीकडचा काठ दिसत नव्हता. निदान ओट्यावरून दिसत नव्हता. पूल थरथरत होता पण हलला नाही. दुपारी पाणी उतरायला लागलं. आबा घरी आले, बूट न काढता ओट्यावर बसले, आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, थकलेत.

तेव्हा पुलाला पायरस्ता नव्हता. लोक रुळांमधल्या पत्र्यांवरून चालायचे. पायरस्ता आबांनी करवून घेतला, पुराच्या नंतर. वरचे साहेब नाही म्हणायचे, हे पुन्हा लिहायचे. रुळांवर काम करणाऱ्या गँगच्या माणसांसाठी लागतो, असं ते घरी सांगत. त्यापायी त्यांची बढती गेली असं आई म्हणायची.

आणखी एक, जे निवेदनात घालणार नाही. दर आखाजीला आबा पलीकडे जायचे. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, दुपारी गौराई घेऊन नदीवर जातात, आणि दोन्ही काठांच्या बायका एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. वर्षभराचं सगळं त्या दिवशी ओकून टाकायचं. कोणी राग धरायचा नाही. आबा हॅट हातात घेऊन आवळखेड्याच्या काठावर त्या शिव्यांमध्ये उभे राहायचे. पुलाची तपासणी, म्हणायचे. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली असायची. माझे वडील गावातल्या बायकांच्या शिव्या खात उभे आहेत, हे सिस्टरांना कळलं तर, या विचाराने मी घरात दार लावून बसायची.

२० एप्रिल

गुडघा. पाच दिवस घराबाहेर नाही.

आज पुष्पाबाई जळगावला आली, काकड्या घेऊन. बसस्टँडपासून रिक्षा न करता चालत आली. तिने अर्ज लिहून आणला होता, शाळेतल्या पोरीकडून. मी तांबड्या शाईने दुरुस्त केला. मग कोरा कागद घेऊन पहिल्यापासून लिहिला, कारण तांबड्या शाईने दुरुस्त करण्याजोगं त्यात काही उरलंच नव्हतं.

लिहिता लिहिता म्हणाले, "तुमच्या सासूबाई माझं निवेदन देतील ना?"

ती समजली. खेड्यातल्या बायका आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर समजतात. "म्हणजे तुम्ही आमचं लिहाल, आम्ही तुमचं?"

"तसं नाही."

"तसंच बरं बाई. तसं असलं की पक्कं असतं."

मला ते बरं वाटलं नाही. पण मी नाही म्हटलं नाही. तिचा अर्ज माझ्या टपालाबरोबर पाठवला, माझ्या पत्राच्या खाली ठेवून.

५ मे, मंगळवार. आखाजी

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी आवळखेड्याला पोचले. घरोघरी पुरणाचा आणि सांजोऱ्यांचा वास, आंब्याच्या झाडांना झोके, झोक्यांवर माहेरी आलेल्या लेकी. गौराई निघाली तेव्हा सुंदरबाईने माझा हात धरला. तिच्या हाताला अजून लसणाचा वास होता. नदी कोरडी, मधे एक धार. पलीकडे खेडगावच्या बायका.

सुरुवात हसण्यासारखी होती. इकडून खेडगावच्या सासवांच्या नाकाचा उद्धार, तिकडून आवळखेड्याच्या नवऱ्यांच्या कर्तृत्वाचा. चार ढेकळं उडाली. एका बाईने माझ्या चष्म्यावर ओळ जोडली आणि ती चांगली होती.

मग सुंदरबाईने मला पुलाच्या खाली, खांबाजवळच्या एका सपाट दगडावर उभं केलं. "आठे उभी ऱ्हाय," म्हणाली आणि बायकांत गेली. त्यांनी गाणं धरलं. आधीच्यासारखं नाही. सावकाश.

'भरेल डबा दगडना रे साहेब, पूल तुना नही हालना,
लोखंड तुनं उभं राह्यनं, गाव मना वाही चालना.
लाल झेंडा दाखाडा रे साहेब, माय मनी थांबनी,
थांबनी ती थांबनी रे साहेब, परत नही उनी.'

पलीकडच्या बायका गप्प झाल्या. या गाण्याला तिकडून उत्तर देत नाहीत, हे मला मागून कळलं.

संपल्यावर मी विचारलं, हे काय आहे. मला वाटतं माझा आवाज वर्गातला होता.

सुंदरबाई दगडावर बसली. तिच्या बोलीत तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. गावात पाणी शिरलं तेव्हा लोक रेल्वेच्या भरावावर चढले. तेवढीच उंच जागा. पुलावरून खेडगावला जायचं होतं. पाहतात तर पूल वाघिणींनी भरलेला. चालायला वाट नाही. काही जण वाघिणींखालून सरपटत जायला निघाले. मधे पाऊस जरा उघडला आणि पलीकडे साहेब दिसला. त्याने लाल झेंडा वर केला. लाल झेंडा म्हणजे थांबा, हे आवळखेड्याच्या पोरालाही ठाऊक होतं. ते मागे फिरले, भरावावर थांबले. सुंदरबाईची आई थांबली. कडेवर तिचा भाऊ. सुंदरबाई बाभळीवर चढली होती, म्हणून. पूल राहिला. भराव गेला.

"त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं?"

"त्याले इचारं व्हतं मी. दुसरा सालनी आखाजीले उना तवय."

"काय म्हणाले?"

"म्हने, पाह्यं. खालून सरकशात ते मरशात, पूल वाकी ऱ्हायना, म्हनीसन झेंडा दाखाडा." तिने माझ्याकडे पाहिलं. "खोटं नही बोलना. पूल वाकतच व्हता."

पहिल्या वर्षी बायकांनी त्यांना दगड मारले होते. ते हलले नाहीत, कपाळाचं रक्त रुमालाने पुसून उभे राहिले. दुसऱ्या वर्षीही आले. पुढे पायरस्ता झाला. पहिल्यांदा त्यावरून कोणी चालेना; मग ते स्वतः चालून गेले आणि आले.

"मग तरी गाणं बंद नाही केलंत?"

"बंद कसाले? तो ऐके, म्हनीसन आम्ही गाऊत." मग बसल्या दगडावर हात थोपटून म्हणाली, "तो जठे उभा राहे, तठेच तुले उभं करं. इतला सालनंतर कोनी ऐकाले उनं."

मी निवेदनाचा कागद पर्समधून काढला नाही. तिनेच विचारलं, "अंगठा कोठे?" मी म्हणाले, नको.

"देस ना. पूल त्यानीच वाचाडा. ते खरंच शे."

६ मे

काही नाही.

७ मे

चुडामणला बोलावलं. विचारलं, तुला माहीत होतं का. म्हणाला, आबांच्या कपाळावरची खूण ट्रॉलीवरून पडल्याची आहे एवढंच. मग खिडकीतल्या रिक्षांकडे पाहत म्हणाला, "अक्का, दुसरं काय करता आलं असतं त्यांना? वाघिणी नसत्या तर पूल जाता. पूल जाता तर ते तसेही..."

"हे तू मला का समजावतोस? मी काही म्हटलं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. पाटीचं सोडून दे."

पाटीचं सोडायचं असतं तर मी गुडघ्याचं निमित्त केलं असतं. मला आता वेगळाच राग येतोय आणि तो कोणावर आहे ते नीट सांगता येत नाही. आबांवर नाही, असं लिहिणार होते. खोडत नाही, पण पूर्णही करत नाही.

एवढं मात्र कळतं की झेंडा दाखवला तो त्यांनी, थॉर्नबींनी नाही. ज्याने झेंडा दाखवला त्याचंच ते आहे, वाचलेलं आणि बुडालेलं दोन्ही. ते दुसऱ्याला देता येत नाही.

९ मे

पुन्हा पुलावर गेले. हातोडी नेली होती. लोक पाहत होते, पाहोत. पायरस्त्याची रिबिटं वाजवत या टोकापासून त्या टोकाला गेले. बहुतेक टणक बोलली. कठडा माझ्या छातीपर्यंत येतो. गँगच्या माणसांच्या पायरस्त्याला कंबरेएवढा कठडा पुरतो. हा उंच केलाय, आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात मधे मधे आडव्या सळ्या घातल्यात, एवढ्या जवळ की लहान मूल त्यातून सरकणार नाही.

हे मला पन्नास वर्षांत दिसलं नव्हतं.

परत येताना समोरून एक पोरगी आली, डोक्यावर पाटी, मागे शेळी. मी कठड्याला चिकटून वाट दिली.

कामगारांचा तंबू नदीच्या पात्रात उभा राहिलाय. लोखंड कापायच्या गॅसची नळकांडी उतरवलीत.

११ मे, सोमवार

आजचं पत्र स्वतः नेऊन देणार, पोचपावती घेणार. प्रत इथे उतरवून ठेवते.

'विभागीय अभियंता यांस,

मी माझा २ एप्रिलचा अर्ज मागे घेते. माझ्या वडिलांचं नाव तुमच्या संगमरवरावर नको. पण श्री. थॉर्नबी यांचंही राहणार नाही. ते तिथे नव्हते. तुमच्या पाटीवर असं लिहा: १९३७ च्या पुरात पी.डब्ल्यू.आय. यांच्या हुकमावरून पुलावर वाघिणी उभ्या केल्या गेल्या व पूल वाचला. त्याच वेळी लाल झेंडा पाहून थांबलेले आवळखेड्याचे लोक भरावासह वाहून गेले. त्यांची नावं सुंदरबाई सांगतील. तुमचा माणूस पाठवा आणि तो ऐकून घेणारा पाठवा.

आता मुख्य गोष्ट. सौ. पुष्पाबाई व आवळखेड्याच्या इतर महिलांचा २० एप्रिलचा अर्ज तुमच्याकडे माझ्या पत्राच्या खाली लावलेला आहे. तो वर घ्या. तो खाली ठेवणं ही माझी चूक होती, पण खालीच राहू देणं ही तुमची होईल. जुन्या पुलाचा पिंजरा कापायचा तर तो विषय तुमचा. खांब आणि त्यांवरचा पायरस्ता, त्याला धरून ठेवणारं लोखंड, हे कापायचं नाही. तो गँगसाठी केला आहे असं तुमच्या कागदांत असेल. तसं नाही. कठड्याच्या सळ्या मोजा, म्हणजे कोणासाठी केला ते कळेल.

तुमचे कामगार शुक्रवारी सकाळी काम सुरू करणार आहेत. त्या सकाळी मी आवळखेड्याच्या टोकाला, पायरस्त्यावर उभी असेन. माझ्या हातात रेल्वेचाच एक जुना लाल झेंडा असेल. त्याचा अर्थ रेल्वेच्या माणसांना समजावून सांगावा लागू नये. या काठावरच्या लोकांनी तो एकदा पाळला आहे. आता तुमची पाळी.

तोंडी आश्वासन चालणार नाही. पायरस्ता राहणार की नाही, याचं लेखी उत्तर, सही-शिक्क्यासह, गुरुवार दिनांक १४ मे १९९२ रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

सुनंदा जीवराम चौधरी
निवृत्त मुख्याध्यापिका, जळगाव'